ब्लॅटर हर्बेरियम: वनस्पती ओळखून घ्यायला जाताना काय न्यावं आणि तिथे काय मिळतं

औषधनिर्माणशास्त्राच्या किंवा आयुर्वेदाच्या एखाद्या प्रबंधाची शेवटची पानं उलटा. तिथे बऱ्याचदा एक छोटं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. विद्यार्थ्यानं आणलेला नमुना अमुक वनस्पतीचा आहे आणि तो ब्लॅटर हर्बेरियममधल्या (म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) अमुक क्रमांकाच्या, एच. सांतापाव यांच्या नमुन्याशी जुळतो, अशा धर्तीचा मजकूर. कधी सांतापाव यांच्या जागी दुसऱ्या संग्राहकाचं नाव असतं. हे एच. सांतापाव म्हणजे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जेझुइट धर्मगुरू. १३ जानेवारी १९७० ला ते वारले. जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या माणसाची साक्ष अजून काढली जाते, आणि ती ग्राह्यही धरली जाते. ही साक्ष नेमकी कशी मिळते, ती कुणाच्या कामाची आणि हेलपाटा कुठे होतो, त्याबद्दल हे परीक्षण.

आधी पत्ता. महापालिका मार्ग, झेवियर्सचा जुना दगडी परिसर; सीएसएमटीहून चालत दहाएक मिनिटं, मरीन लाइन्सहूनही चालत जाता येतं. हे महाविद्यालयाच्या आवारातलं संशोधनकेंद्र आहे, वाटेत डोकावण्याचं संग्रहालय नव्हे. त्यामुळे आधी लेखी कळवून, वेळ ठरवून, महाविद्यालयाचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र घेऊन जाणं बरं. संग्रहाची सुरुवात १९०६ ची. जगभरच्या हर्बेरियमना जी सांकेतिक अक्षरं असतात त्यांत याचं नाव ‘बीएलएटी’. नमुने सुमारे दोन लाख. फुलझाडांबरोबर नेचे, शेवाळं, बुरशीही आहेत. कोकण आणि सह्याद्री हा गाभा, पण कपाटांत सिंध, राजस्थानचं वाळवंट, काश्मीर असा दूरचा मुलूखही भेटतो. फाळणीआधीच्या सिंधूच्या मुखाजवळच्या वनस्पती मुंबईत बसून बघायच्या असतील तर यासारखी जागा नाही.

निकाल सुरुवातीलाच सांगून टाकू. नीट दाबलेला, फुलाफळांसकट, नोंदी केलेला नमुना हातात असेल तर ही महाराष्ट्रातल्या सर्वांत भरवशाच्या जागांपैकी एक. हातात नुसता मोबाइलमधला फोटो किंवा काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी असेल, तर जाण्याचे कष्ट घेऊ नका.

पुडीचं आधी बघू, कारण चूक तिथेच सर्वांत जास्त होते. प्रबंधाचं काम बहुधा उलट्या क्रमानं चालतं. आधी बाजारातून किलोभर चूर्ण आणायचं, अर्क काढायचा, प्रयोग उरकायचे, आणि सादर करायच्या आठवडाभर आधी कुणीतरी आठवण करून देतं की ओळख-प्रमाणपत्र लागेल. मग दोन पानं आणि मुळाचा तुकडा घेऊन धावपळ. चूर्णावरून जाती सांगणं हे हर्बेरियमचं काम नाही. तिथे फूल फुलाशी आणि फळ फळाशी ताडून पाहतात. आणि बाजारात एका नावाखाली काय काय येतं ते बघा. पुनर्नवा म्हणून बोअरहाविया डिफ्यूजा हवी असते, पण हातात येते ती अनेकदा ट्रायान्थेमा पोर्टुलाकास्ट्रम. दोन्ही जमिनीसरपट, दोन्हींची पानं गुबगुबीत, गोलसर. फळ मिळालं तर मात्र वाद मिटतो. बोअरहावियाचं फळ लहान, एकाच बीचं, उभ्या कंगोऱ्यांचं आणि बोटाला चिकटणारं. ट्रायान्थेमाचं फळ झाकणीच्या डबीसारखं आडवं उघडतं आणि आत अनेक काळ्या बिया निघतात. गुळवेलीतही तेच. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची पानं गुळगुळीत, टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांना खालून लव. पान वाळून चुरगळलं की लव झडते, म्हणून कोवळी आणि जून अशी दोन्ही पानं न्यावीत. गुळवेलीचे नर-मादी वेल वेगळे असतात. कोणत्या वेलीचा नमुना आहे तेही लिहावं. शंखपुष्पीची तर तीन वेगवेगळी रोपं तीन प्रांतांत विकली जातात. अशोक म्हणून खोट्या अशोकाची साल येते हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे, तरी ती विकली जातेच. म्हणून क्रम सुलटा करा: आधी झाड शोधा, नमुना काढा, ओळख पटवा, आणि त्याच झाडांवरून प्रयोगाचा माल गोळा करा. नाहीतर प्रमाणपत्र एका झाडाचं आणि प्रयोग दुसऱ्याचा.

आता नमुना. पंचवीस ते तीस सेंटिमीटरची फांदी, तिच्यावर पानं, कळ्या, उमललेली फुलं आणि जमली तर फळं. लहान रोप असेल तर मुळासकट अख्खं. एकाच झाडाचे चार-सहा तुकडे काढावेत: एक हर्बेरियमला, एक आपल्याजवळ, एक चिरफाड करायला, बाकीचे वाळवताना बिघडतील म्हणून. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही, आणि जिथे दहाच रोपं आहेत तिथे एकालाही हात लावायचा नाही.

दाबण्याच्या फळ्या साधारण ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या, मधे रद्दी वर्तमानपत्रं, टीपकागद असेल तर उत्तम. चकचकीत कागदाच्या पुरवण्या वापरू नका, त्या पाणी शोषत नाहीत. रोप कागदावर ठेवतानाच त्याला बसवून घ्यायचं, कारण पहिल्या चोवीस तासांत जो आकार येतो तोच राहतो. एक पान उलटं वळवून ठेवा, म्हणजे खालची बाजू दिसते. एक फूल उघडून पसरा. गवत लांब असेल तर व्ही किंवा एनच्या आकारात मोडून बसवा, कापून टोक फेकू नका. वाळलेला नमुना शेवटी ज्या जाड कागदावर लावतात त्या शीटचं माप ४२ बाय २८ सेंटिमीटर असतं, त्या चौकटीत मावेल असंच सगळं.

सह्याद्रीतलं फुलं जमवण्याचं काम नेमकं पावसात असतं, म्हणजे वाळवायला सर्वांत वाईट दिवसांत. कागद पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलायचे, नंतर रोज एकदा. हे चुकलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि पाचव्या दिवशी काळा लगदा. ओले कागद चुलीपाशी किंवा इस्त्रीनं वाळवून पुन्हा वापरता येतात, पण नमुन्यावर थेट इस्त्री फिरवू नका. पाकळ्या ठिसूळ होऊन शीटला लावताना भुगा होतो. उन्हाळ्यात आठवड्याभरात होणारं काम आषाढ-श्रावणात दहा-पंधरा दिवस घेतं. वाळलं की नाही हे गालाला लावून बघतात: गार लागलं तर अजून ओल आहे.

काही वनस्पतींच्या खोडी वेगळ्या. तेरड्याच्या पाकळ्या कागदाला चिकटतात, त्या पातळ कागदाच्या घडीत ठेवाव्या आणि वाळेपर्यंत ती घडी उघडू नये. भोवतालचे कागद तेवढे बदलावे. सीतेची आसवं ताटलीभर पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवत उचलायची, हातानं ठेवायला गेलात तर नुसता गुंता होतो. निवडुंगी शेराचे प्रकार दाबात असतानाही जिवंत राहतात आणि पानं गाळतात. त्यांना आधी काही सेकंद उकळत्या पाण्याचा चटका देतात. आमरीची (ऑर्किडची) फुलं काळी पडतातच, म्हणून दोन-तीन फुलं ७० टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत वेगळी. गेंदाच्या कुळातली जाती ओळखायला पिकलेली बी आणि चांगलं भिंग लागतं. कासवरून आणलेला गेंदाचा कोवळा झुबका बघून कुणी छातीठोकपणे जात सांगत असेल तर सावध राहा. कवळ्याच्या पिवळ्या फुलांचंही तसंच. फोटो सगळ्यांचे सारखे, पण पुष्पकोशाच्या शिरा एकमेकींना समांतर आहेत की जाळीदार, यावर जाती वेगळ्या होतात. ॲपला त्या शिरा दिसत नाहीत, दहापट भिंगाला दिसतात.

वाळल्यावर जे उरत नाही ते वहीत हवं: फुलाचा रंग, वास, चीक पांढरा की पाण्यासारखा, झाडाची उंची, खोडाची साल, जमीन, पाणी, सावली, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख. ठिकाण ‘लोणावळा’ किंवा ‘आंबोली’ एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. कोणता कडा, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठाला, ते हवं. आणि संग्राहकाचा क्रमांक. पहिल्या नमुन्याला १, आणि मग आयुष्यभर तोच क्रम चालू ठेवायचा. दर सहलीला पुन्हा १ पासून सुरू करणाऱ्यांकडे काही वर्षांत १ क्रमांकाचे अनेक नमुने होतात. शीटवर सांतापाव यांच्या नावापुढे जो आकडा दिसतो तो हाच. नाव आणि आकडा मिळून त्या एका फांदीचा कायमचा पत्ता होतो.

हा संग्रह इतका सलग का टिकला, हे समजून घेतलं की त्याची किंमत कळते. हौशी संग्राहक गेला की घरच्यांना ती वाळकी पानं अडगळ वाटते. चार पावसाळ्यांत कसर ती संपवते. इथले मुख्य संग्राहक संन्यस्त होते. जेझुइटांना दारिद्र्याचं व्रत असतं, खाजगी मालमत्ता नसते. गोळा केलेलं पान पहिल्या दिवसापासून संस्थेचं. फादर एथेलबर्ट ब्लॅटर, ज्यांचं नाव या संग्रहाला आहे, ते मूळचे स्वित्झर्लंडचे. १९०३ ला मुंबईत आले, वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, १९१९ ते १९२४ प्राचार्य होते. एडनपासून राजस्थानपर्यंत त्यांनी वनस्पतींच्या याद्या केल्या, ताडकुळावर आणि मुंबई इलाख्यातल्या गवतांवर मोठं काम केलं, आणि शेवटच्या काळात पाचगणीच्या चर्चची जबाबदारी सांभाळताना तिथलं पठारही धुंडाळलं. १९३४ ला ते गेले. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचं जेझुइट मिशन जर्मन प्रांताकडून स्पॅनिश प्रांताकडे गेलं, म्हणून पुढची नावं स्पॅनिश.

सांतापाव कातालोनियातल्या ला गालेरा गावचे, जन्म ५ डिसेंबर १९०३. भारतात १९२८ ला आले, लंडन विद्यापीठात शिकले, लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानातल्या संग्रहावर काम केलं आणि १९४० च्या दशकात झेवियर्सच्या वर्गात उभे राहिले. त्यांच्याआधी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा आधारग्रंथ होता थिओडोर कुक यांचा. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, पेशानं अभियंते! ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये आला आणि आजही त्याला पर्याय नाही, पण इतक्या मोठ्या इलाख्यात कुठल्या जाती खरोखर कुठे आहेत याची एका माणसाकडून खात्री होणं अशक्यच होतं. सांतापाव यांनी उलटी वाट धरली: एकच लहान मुलूख, खंडाळा, पण पुन्हा पुन्हा, वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत. त्यातून १९५३ ला खंडाळ्याची वनस्पतिसूची आली, १९६७ ला तिची तिसरी आवृत्ती. कोणती जात कोणत्या महिन्यात फुलते आणि कधी फळते याच्या नोंदी हा तिचा खरा ऐवज, कारण फुलं कधी मिळतील हे कळल्याशिवाय नमुना काढायला जायचं तरी कधी? ज्येष्ठात गेलेल्याला भाद्रपदात फुलणारं रोप गवतासारखं दिसतं. अभ्यासाचं हे वळण त्यांच्या विद्यार्थ्यांतही उतरलं; एम. आर. आल्मेडा यांची महाराष्ट्राची वनस्पतिसूची १९९६ पासून खंडांनी निघू लागली, तीही याच हर्बेरियममधून. सांतापाव स्वतः १९६१ ते १९६७ बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते, १९६७ ला पद्मश्री मिळाली. पण सरकारी खुर्चीपेक्षा नमुन्यांवरचे आकडेच जास्त कामाला आले, असं आमचं मत.

आत गेल्यावरची शिस्त. भारतातल्या जुन्या हर्बेरियमची मांडणी साधारणपणे बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीनं असते, म्हणजे कुळांचा क्रम आजच्या पाठ्यपुस्तकातला नाही. नावंही जुनी भेटतात. पळस आज ब्यूटिया मोनोस्पर्मा, कुकमध्ये ब्यूटिया फ्रॉन्डोसा. काटेसावर आज बॉम्बॅक्स सायबा, जुन्या कागदांवर बॉम्बॅक्स मालाबारिकम किंवा साल्मालिया मालाबारिका. करवीचा प्रवास तर गमतीचा: स्ट्रॉबिलान्थिस कॅलोसा, मग १९४४ ला डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी तिला कार्व्हिया कॅलोसा केलं, आणि आता पुन्हा स्ट्रॉबिलान्थिस. जाण्याआधी आपल्या वनस्पतीची सगळी जुनी नावं एका कागदावर लिहून न्या, नाहीतर त्या जातीचे नमुने ठेवलेली कागदी घडीच सापडणार नाही आणि ‘यांच्याकडे हे झाड नाही’ असा चुकीचा समज घेऊन परत याल.

करवीची शीट मागून बघाच. जांभळी-निळी फुलं वाळून तपकिरी झालेली असतात, पण पानाची दातेरी कड, खरखरीत पृष्ठ आणि सहपत्रांची (फुलाखालच्या लहान पानांची) चिकट लव स्पष्ट कळते. हीच करवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६, २०२४ असा तो क्रम. आदिवासी पाड्यांवरच्या कुडाच्या भिंती करवीच्याच काठ्यांच्या. सांतापाव यांनी करवी आणि बांबूच्या अशा सामूहिक फुलोऱ्यावर १९६२ ला स्वतंत्र लेख लिहिला होता. फुलोऱ्याच्या वर्षाचा हिशोब मागे नेऊन ताडायचा तर तारीख असलेली शीट हाच पुरावा. आठवणी दोन वर्षं इकडेतिकडे होतात.

शीट दोन्ही हातांनी, सपाट उचलायची. पुस्तकाचं पान उलटतो तशी कधीही उलटायची नाही, फुलं निखळतात. गठ्ठा वरून एकेक करून बाजूला ठेवत जायचा आणि त्याच क्रमानं परत लावायचा. टेबलावर पेन नको, फक्त शिसपेन्सिल. तुटलेलं पान किंवा पाकळी दिसली तर शीटवरच्या कागदी पुडीत ठेवायची, खिशात नाही! जुनं नाव चुकीचं वाटलं तरी त्यावर काट मारायची नसते; नवी ओळख वेगळ्या चिठ्ठीवर, नाव आणि वर्षासकट, जाणकाराच्या संमतीनं लावली जाते. एका शीटवर अशा तीन-चार चिठ्ठ्या एकाखाली एक दिसल्या की विज्ञान कसं चुका दुरुस्त करतं ते समोर दिसतं. लाल घडीत ठेवलेले नमुने हे जातीच्या मूळ नावाचे आधार असतात, त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि जुन्या शीटवर किडीविरुद्ध मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत सर्वत्र होती, तेव्हा बघून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. घरच्या नमुन्यांना हे विष लावण्याचा उद्योग अजिबात करू नये. पिशवी हवाबंद करून उणे १८-२० अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवली की तंबाखूकिडा आणि त्याची अंडी मरतात.

मर्यादा कोणत्या? वाळलेल्या संग्रहात रंग शोधू नका. कंद, बांबू, वेत, मोठी ताडपानं यांचे नमुने कुठेच पुरेसे नसतात, कारण ते दाबायला अवघड. लागवडीतल्या जाती-वाणांचा प्रश्न, म्हणजे ही हळद कोणत्या वाणाची, तो कृषी विद्यापीठात न्यावा. पुण्याकडच्यांनी आधी बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचा, नाहीतर आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह विचारात घ्यावा. कोकण, मुंबई, ठाणे, पालघरच्या जुन्या नोंदी हव्या असतील तर मात्र मुंबईच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एखाद्या टेकडीवर काय होतं आणि आज तिथे इमारत आहे, हे सिद्ध करायला दुसरा कागद सापडणं कठीण.

फुलं असलेला हंगाम धरून जा, म्हणजे सादरीकरणाच्या निदान एक पावसाळा आधी. शीट, जोडीचा सुटा तुकडा, अल्कोहोलमधली फुलं, वहीतल्या नोंदींची प्रत आणि जिवंत झाडाचे चार-पाच फोटो, मोजपट्टी ठेवून काढलेले, एवढं सोबत असू द्या. ओळख झाल्यावर एक नमुना तिथे जमा करता येईल का ते विचारा आणि जमा क्रमांक लिहून घ्या. प्रबंधात तो उतरवताना दोनदा ताडा. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर पुढे कधीतरी पुनर्नवा पडताळायला आलेल्याच्या हातात फादर सांतापाव यांची भलतीच करवी येईल.